सातारा-सांगलीतून धोरण-संशोधनाकडे: नोकरीचा आणि फेलोशिपचा अर्ज कसा तयार करायचा

वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हा धनंजयराव गाडगीळ संस्थेचे संचालक होते. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सत्तर वर्षांनी, २०११च्या सुमारास, सरकारचा पैसा शाळेपर्यंत कसा आणि कधी पोहोचतो हे तपासायला दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चमधल्या अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्हने देशातले मोजके जिल्हे निवडले, त्यातही सातारा होता. कोयनेचे धरणग्रस्त, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजना, २०१९ आणि २०२१चे पूर, माण-खटाव-जत-आटपाडीचा दुष्काळ, ऊस, हळद, बेदाणा. अभ्यासाला विषय कमी पडतील असे हे दोन जिल्हे नाहीत.

अभ्यास करणारी माणसं मात्र बहुतेक बाहेरून येतात. आपल्याकडची पोरं त्यांच्याबरोबर गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून देतात आणि काम संपलं की घरी परततात. अहवालावर नाव दुसऱ्याचं. हे बदलावं असं मला फार वाटतं, आणि बदलणं अवघड आहे असं वाटत नाही. गावाची माहिती तुमच्याकडे आहेच. ती चार पानांत, आकड्यांसह, दुसऱ्याला तपासता येईल अशी मांडलेली हवी. या लेखाचा मोठा भाग त्या चार पानांबद्दल आहे. बाकीच्या पायऱ्या त्यामानाने सोप्या आहेत.

कोणत्या पदाला अर्ज करताय?

धोरण-संशोधन करणाऱ्या, म्हणजे सरकारी योजनांचं प्रत्यक्षात काय होतं ते अभ्यासणाऱ्या, संस्थांत पदांची नावं गोंधळात टाकतात. फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणजे गावात जाऊन माहिती गोळा करणारा. पदवी पुरते, काम काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असतं. रिसर्च असिस्टंट आणि रिसर्च असोसिएट ही पदं एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांसाठी. आकडेवारी साफ करणं, जुने अभ्यास वाचून टिपणं काढणं, सर्वेक्षणावर देखरेख ठेवणं, अहवालाचा मसुदा लिहिणं ही त्यांची कामं. काही ठिकाणी असिस्टंट खालचा आणि असोसिएट वरचा, तर काही ठिकाणी एकच नाव दोन्हींना वापरतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, कामाची यादी वाचा.

‘फेलो’ हा शब्द तर तीन वेगळ्या अर्थांनी येतो. संशोधन संस्थेतला फेलो म्हणजे बहुधा पीएच.डी. झालेला, स्वतःचा विषय चालवणारा अभ्यासक. डॉक्टरल फेलो म्हणजे पीएच.डी. करत असताना मानधन मिळणारा विद्यार्थी. आणि तरुणांसाठीची वर्षभराची फेलोशिप हा तिसरा प्रकार, त्यात पदवीधराला कामाच्या जागी बसवून शिकवतात. पदवीधर मुलगी पहिल्या प्रकारच्या जाहिरातीला अर्ज करते आणि उत्तर आलं नाही म्हणून खचते, असं होताना मी पाहिलंय. पीएच.डी. मागितली असेल तर तिथे वेळ घालवू नका.

माझं मत विचाराल तर एम.ए. झाल्यावर लगेच पीएच.डी.ला नाव नोंदवण्याआधी एखादं-दुसरं वर्ष रिसर्च असिस्टंट म्हणून काढावं. विषय कसा निवडायचा, कुठली माहिती मिळते आणि कुठली मिळत नाही, हे तिथे कळतं.

जाहिराती कुठे असतात

सगळ्यात आधी जवळची नावं. पुण्यात गोखले संस्था, वीजधोरणावर काम करणारी प्रयास, पाण्याच्या समन्यायी वाटपावर काम करणारी सोपेकॉम, पाणलोटाचं काम करणारी वॉटर (WOTR) ही संस्था. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्याशास्त्राची आयआयपीएस, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आरोग्यावर काम करणारी सेहत. बंगळुरूला सामाजिक-आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी आयसेक. दिल्लीत एनसीएईआर (उपयोजित अर्थशास्त्र), एनआयपीएफपी (सार्वजनिक वित्त), सीएसडीएस (समाज आणि राजकारण), इक्रिअर (आंतरराष्ट्रीय आर्थिक संबंध). मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, तेव्हा दिल्ली लांब आहे म्हणून यादीतून काढू नका. निवडीच्या पहिल्या फेऱ्या हल्ली बहुतेक ऑनलाइनच होतात.

या प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर ‘करिअर्स’ किंवा ‘ओपनिंग्ज’चं पान असतं. दहा-बारा संस्थांची पानं मोबाइलवर जतन करा आणि दर सोमवारी एकदा चाळा. प्रकल्पाला निधी मंजूर झाला की पद निघतं, त्यामुळे यांना ठरावीक हंगाम नाही. जाहिरातीत ‘रोलिंग बेसिस’ असं असेल तर योग्य माणूस मिळाला की पद भरतात. शेवटची तारीख महिनाभर पुढे दिसली तरी अर्ज पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.

फेलोशिपचं वेळापत्रक त्यामानाने ठरलेलं असतं. युजीसी-नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. त्यातून जेआरएफ (पीएच.डी.साठीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० (हे दर जानेवारी २०२३पासूनचे). वयाची अट खुल्या गटाला ३० वर्षं, महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. १९६९मध्ये स्थापन झालेली आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) सामाजिक शास्त्रांसाठी डॉक्टरल आणि पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप देते. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. कागदपत्रांत जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीएच.डी. नोंदणीचं पत्र यांपैकी एक जरी अडकलं तरी वर्ष जातं, म्हणून तहसीलची कामं जाहिरातीची वाट न बघता आधीच उरकून घ्या.

पदवीधरांसाठी दोन फेलोशिप मुद्दाम सांगतो. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप: खासदाराबरोबर संसदेचं काम, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत, वय २५च्या आत, कुठल्याही शाखेची पदवी चालते. दुसरी आपल्या राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप. तिच्या आजवरच्या जाहिरातींत वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, वर्षभराचा अनुभव आणि मराठी उत्तम येणं, अशा अटी राहिल्यात. अनुभवाची अट पाहून पुष्कळ जण मागे फिरतात. ज्याने वर्षभर फील्डचं काम केलंय त्याने संस्थेकडून तारखांसह अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. काम सुटल्यावर दोन वर्षांनी ते मिळवणं फार जड जातं.

जाहिरात पेन घेऊन वाचा

तीन गोष्टींखाली रेघ मारा: आवश्यक पात्रता, इष्ट पात्रता आणि काय जोडायचं. आवश्यक म्हणजे नसेल तर अर्ज बाजूला. इष्ट म्हणजे असेल तर बरं. इष्ट यादीतल्या पाचपैकी दोन गोष्टी असल्या तरी अर्ज करा. आपल्याकडची मुलं, विशेषतः मुली, पाचही हव्यात असं समजून थांबतात, याचं मला वाईट वाटतं. ‘मराठी लिहिता-बोलता येणं’ ही ओळ दिसली तर तिच्यावर दोनदा रेघ मारा. महाराष्ट्रात सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला तो माणूस खरोखर हवा असतो.

जोडायच्या गोष्टींत फाइलचं नाव, पानांची मर्यादा, ईमेलचा विषय असं बारीक बारीक दिलेलं असतं. ते जसंच्या तसं करा. छाननीत पहिली कात्री तिथेच लागते. आणि कुणी अर्जासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली किंवा मुलाखतीआधी पैसे भरायला सांगितले, तर तिथेच थांबा. नेटसारख्या परीक्षेला शुल्क असतं, संशोधन संस्थेतल्या प्रकल्पाच्या पदाला असं काही नसतं.

लेखनाचा नमुना: सगळा जोर इथे लावा

बहुतेक जाहिराती ‘रायटिंग सॅम्पल’ मागतात. एम.ए.चा प्रबंध पाठवला जातो, ऐंशी पानांचा, त्यातली पन्नास पानं पुस्तकातून उतरवलेली. वाचणारा तिसऱ्या पानावर बाजूला ठेवतो. त्याऐवजी आपल्या तालुक्यावर चार-पाच पानांचा नवा अभ्यास करा. महिनाभरात होतो. कसा, ते एका उदाहरणाने सांगतो.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतींकडे आला. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात एकूण निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीचा, १० टक्के पंचायत समितीचा, १० टक्के जिल्हा परिषदेचा. कुठल्या गावाने आराखड्यात काय धरलं आणि खर्च काय झाला, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. आता प्रश्न असा घ्या: माण तालुक्यातल्या तीन ग्रामपंचायतींनी बंधित निधीतून पाण्याची कोणती कामं धरली, आणि त्यातली किती झाली?

प्रश्न एवढाच ठेवा. ‘ग्रामीण विकासातील पंचायतराजची भूमिका’ असा विषय घेतला की काम बुडालं.

मग तीन गावं निवडा आणि ती का निवडली हे दोन ओळींत लिहून ठेवा. एक टँकरवर असलेलं, एक नसलेलं, एक तालुक्याच्या गावाला लागून, असं काहीतरी कारण हवं. मामाचं गाव आहे हे कारण चालत नाही, पण मामाच्या गावाची माहिती पुढे उपयोगी पडते. संकेतस्थळावरचे आकडे एक्सेलमध्ये उतरवा: वर्ष, कामाचं नाव, धरलेली रक्कम, खर्च, तारीख. एका कामाला एक ओळ. आता गावात जा. ग्रामसेवक भाऊसाहेबांना आधी फोन करा, कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा, आणि चौकशीला आलोय असं वाटू देऊ नका. शिकायला आलोय हे खरंच आहे, तेच सांगा. यादीतलं काम प्रत्यक्ष दिसतंय का ते पाहा. पाण्याची टाकी आहे, पण पाइपलाइन आणि जोडणी? जोडणी आहे, पण उन्हाळ्यात पाणी येतं का, किती दिवसांआड? चार-पाच घरांत विचारा. बायकांना विचारा, पाणी त्याच भरतात. नावं लिहू नका, आणि माहिती कशासाठी घेताय ते आधी सांगून त्यांची परवानगी घ्या.

इथे एक गोष्ट हमखास समोर येते. कागदावरचा खर्च एका वर्षाचा आणि काम दुसऱ्या वर्षाचं. घाईने ‘भ्रष्टाचार’ असं लिहू नका. देयक मार्चअखेरीला निघालं असेल, ठेकेदाराचं बिल अडकलं असेल, नोंद उशिरा झाली असेल. ग्रामसेवकांना विचारा, त्यांचं म्हणणं लिहा, आणि तरीही जुळत नसेल तर ‘जुळत नाही’ एवढंच लिहा. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे, पण तो शेवटी. आधी तोंडी मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

लिहिताना क्रम असा: पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि उत्तर दोन्ही. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. मग गावं कशी निवडली, आकडे कुठून घेतले. मग एक तक्ता, एकच, पण नीट. मग तक्त्यातून काय दिसतं, आणि गावात गेल्यावर त्यातलं काय बदललं. हा भाग तुमचा खरा ऐवज. दिल्लीत बसून तक्ता कुणीही करेल, टाकी पाहून आलेला माणूस त्यांच्याकडे नसतो. शेवटी मर्यादा सांगा: तीन गावांवरून तालुक्याबद्दल काय म्हणता येत नाही. हा परिच्छेद वगळू नका. अनुभवी वाचक तोच आधी शोधतो.

पाण्यात रस नसेल तर विषय हवे तेवढे आहेत. तासगाव-कवठेमहांकाळकडचा बेदाणा शेडवर सुकवायला किती माणसं, कुठून येतात. शिरोळ-मिरज पट्ट्यात पुरानंतर घर सोडून गेलेल्यांपैकी परत कोण आलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा. संदर्भासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ पाहा, मराठीत आहे आणि तालुकावार आकडे देतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं सातारा-सांगलीची वेगवेगळी मिळतात. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर शिवाजी विद्यापीठातले जुने प्रबंध वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय ते तिथे कळतं.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला सतावतो. नमुना बहुधा इंग्रजीतच द्यावा लागतो. छोटी वाक्यं लिहा. एका वाक्यात एक गोष्ट. मोठे शब्द नकोत. मग इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. यंत्राकडून सगळं लिहून घेण्याचा मोह टाळा, कारण पुढच्या फेरीत समोर बसवून अर्ध्या तासात पानभर लिहायला सांगतात आणि फरक लगेच कळतो.

बायोडाटा आणि पत्र

बायोडाटा दोन पानांच्या वर नको. जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं काढा. आधी शिक्षण, मग केलेलं काम, मग येणारी साधनं. ‘सर्वेक्षणात सहभाग’ असं मोघम लिहू नका. किती घरं, कुठला तालुका, किती दिवस, माहिती कागदावर की टॅबवर, हे लिहा. ‘एक्सेल येतं’ असं लिहायचं तर पिव्हट टेबल आणि व्हीलुकअप खरोखर यायला हवं. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी स्टाटा महाग आहे, पण आर (R) फुकट आहे, आणि सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स मोफत वापरता येतं. वर सांगितलेला अभ्यास करतानाच ही दोन्ही शिकून घेता येतील.

पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात कुठलं पद. दुसऱ्यात तुमचा अभ्यास आणि तो त्या संस्थेच्या कुठल्या कामाशी जुळतो, तेवढ्यासाठी त्यांचा एक तरी अहवाल वाचा. तिसऱ्यात कधीपासून येऊ शकता. ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची लहानपणापासूनची इच्छा’ वगैरे गाळा.

शिफारस मागताना

दोन नावं लागतात. ज्या प्राध्यापकांनी तुमचं काम वाचलंय त्यांना विचारा, पद मोठं म्हणून प्राचार्यांकडे धावू नका. निदान तीन आठवडे आधी सांगा. असा निरोप पुरतो:

‘नमस्कार सर. मी २०२३च्या एम.ए. अर्थशास्त्राच्या बॅचची. पुण्यातल्या एका संस्थेत रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करतेय, शेवटची तारीख २० आहे. सर, तुम्ही माझा पाणीपट्टीचा प्रकल्प तपासला होता, म्हणून शिफारशीसाठी तुमचं नाव देऊ का? जाहिरात, माझा बायोडाटा आणि प्रकल्पाचं एका पानाचं टिपण सोबत पाठवते. त्यांचा मेल तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावर येईल.’

त्या एका पानामुळे सरांना नेमकं काय लिहायचं ते कळतं. नाहीतर ‘होतकरू व कष्टाळू विद्यार्थिनी’ एवढंच जातं, आणि ते सगळ्यांबद्दलच लिहिलेलं असतं. संस्थेचा मेल आल्यावर सरांना एकदा आठवण करा.

परीक्षा आणि मुलाखत

आकडेवारीची परीक्षा असेल तर एक फाइल देतात, शंभर-दोनशे घरांची, मुद्दाम चुका पेरलेली. ९९९ हा आकडा वय किंवा उत्पन्न म्हणून आलेला असतो, तो ‘उत्तर नाही’ यासाठीचा संकेत असतो. तो न काढता सरासरी काढली की गेलं. एकाच रकान्यात काहींनी जमीन एकरात आणि काहींनी गुंठ्यात लिहिलेली असते. ‘४०’ दिसलं तर ते चाळीस एकर की चाळीस गुंठे, म्हणजे एकच एकर? उसाचं उत्पादन एकरी ४०० टन दिसलं तर एक शून्य जास्त पडलंय हे कराड-वाळव्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. अशा जागा सापडल्या की गुपचूप दुरुस्त करू नका. वेगळ्या रकान्यात नोंद करा: काय सापडलं, काय केलं, का केलं. गुण त्या नोंदीला मिळतात.

मुलाखतीत हमखास विचारतात: ‘अमुक गोष्ट लोकांना कशी विचाराल?’ समजा दुधापासूनचं उत्पन्न मोजायचंय. ‘महिन्याला किती मिळतात?’ असं विचारलं तर माणूस अंदाजाने काहीतरी सांगतो, कारण डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि पेंडीचे पैसे त्यातूनच वळते होतात. तेव्हा विचारायचं: मागचं बिल किती आलं, त्यातून पेंडीचे किती कापले, घरी प्यायला किती ठेवता, सध्या किती जनावरं दुधात आहेत. पॅनेलवरच्या मंडळींना हे बारकावे पुस्तकात मिळत नाहीत. असं एक उदाहरण पूर्ण तयार ठेवा, तुमच्या घरातलं, तुमच्या गावातलं. इंग्रजी अडखळलं तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं विचारायला संकोचू नका.

न येणाऱ्या प्रश्नाला ‘माहीत नाही, पण असं शोधेन’ हे चांगलं उत्तर आहे. तुमचा अभ्यास मात्र पाठ हवा: गावं हीच का, चौथं गाव घेतलं असतं तर काय बदललं असतं, यावर ते खोदून विचारतात.

निवड झाल्यावर, होकार देण्याआधी

नेमणूक कर्मचारी म्हणून की सल्लागार म्हणून, हे विचारा. सल्लागार असाल तर मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नसतो, आजारपणाची रजाही बहुधा नसते. टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण ते काम तुमचं. पुण्यात किंवा दिल्लीत खोलीचं भाडं आणि अनामत धरून पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब मांडा, कारण पहिलं मानधन पुष्कळदा उशिरा येतं. घरून तेवढे पैसे लागणार असतील तर आई-वडिलांना आधीच सांगा.

निधी कुणाचा आणि कधीपर्यंतचा, हेही विचारा. यात उद्धटपणा नाही. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी निधी घेण्याचा परवाना फेब्रुवारी २०२३मध्ये स्थगित आणि जानेवारी २०२४मध्ये रद्द झाला, आणि एवढ्या नावाजलेल्या संस्थेतल्या बऱ्याच संशोधकांना बाहेर पडावं लागलं. परदेशी देणगीवर, सरकारी प्रकल्पावर की स्वतःच्या ठेवीवर पद चालतंय, त्यावर मुदतवाढीची शक्यता ठरते.

फील्डचा प्रवासखर्च आधी मिळणार की नंतर, दुचाकीच्या पेट्रोलचा दर काय, मुलींसाठी मुक्कामाची सोय काय, हे ईमेलवर लेखी घ्या. आणि अहवालावर तुमचं नाव कुठे येईल, लेखकांत की आभारात, हा प्रश्नही त्याच ईमेलमध्ये, रुजू होण्याच्या तारखेआधी विचारून घ्या.